दुसऱ्याचा माल

टोपलीवाला आला तेव्हा मी फ्रीज रिकामा करून पुसत होतो. एकट्या माणसाला एवढा फ्रीज कशाला, असं म्हणून मुलीनं तो विकून टाकायला सांगितलं होतं. दार उघडंच होतं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "ताईंचा साबण तयार झालाय."

बायकोला जाऊन दीड-दोन महिने झाले होते. मला काही कळेना.

"कसला साबण?"

"शेवटचा घाणा. माझ्या माळ्यावर मुरत होता. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. साबण साच्यात ओतला, वड्या कापल्या, की लगेच वापरता येत नाही. कोरड्या हवेत काही आठवडे मुरू द्यावा लागतो. आमच्या घराच्या भिंतींना ओल आहे. त्यामुळे ती वड्या कालव्यापलीकडे टोपलीवाल्याच्या माळ्यावर ठेवायची, एवढं मी ऐकून होतो. पण आजारपणातही तिनं एक घाणा काढला आणि तिकडे पोचवला, हे मला त्या दिवशी कळलं. मी बसचा ड्रायव्हर आहे. मी पाळीवर असताना काढला असणार.

"आत या," मी म्हणालो.

तो आत आला, पण बसला नाही. बोटांना वेताच्या चिरा पडलेला, माझ्यापेक्षा बराच लहान माणूस. बायकोच्या बोलण्यात तो कायम असायचा. आमचा टोपलीवाला असं म्हणाला, टोपलीवाल्याच्या घरी पाव्हणे आलेत, टोपलीवाल्याची दाढ दुखतेय. मी त्याला दोनदा-तीनदा पाहिलं असेल, तेही बसच्या काचेतून. अंत्यविधीला तो आला होता, पण त्या दिवशी कोण कोण आलं होतं ते मला आठवत नाही.

दोघांची ओळख कॉलेजच्या बाजारात झाली. ते थोडं सांगायला हवं.

आमच्या वस्तीला मधोमध कापत कालवा जातो. काही वर्षांपूर्वी अलीकडच्यांची आणि पलीकडच्यांची मारामारी झाली. दुकानं जळली. कारण विचाराल तर अलीकडचे एक सांगतात, पलीकडचे दुसरं. माझ्या बसच्या काचा दोन्ही बाजूंनी फुटल्या, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. पुढे माणसं कामापुरती पूल ओलांडायला लागली, पण काम झालं की मागे न बघता परत यायची.

पुलाजवळ कॉलेज आहे. तिथे दरवर्षी शांतता सप्ताह करतात. आधी नुसती भाषणं असायची. मग इतिहासाच्या मॅडमनी सप्ताहाच्या शेवटी बाजार भरवायचं ठरवलं. हातानं वस्तू करणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांना बोलावलं. मधे दलाल नाही, दर वाजवी, घासाघीस बंद. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी, तिच्यावर ती कोणी केली, किती वेळ लागला आणि किमतीतलं करणाऱ्याच्या हातात काय पडतं ते लिहिलेलं. विचार चांगला होता. पण पहिल्या वर्षी अलीकडचे सगळे एका भिंतीला बसले, पलीकडचे समोरच्या भिंतीला, आणि मधून विद्यार्थी फिरले. बायको कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात साबण करायला शिकली होती, म्हणून तीही होती. घरी येऊन म्हणाली, "मारामारीच झाली, फक्त बसून झाली."

पुढच्या वर्षी तिनं मॅडमना एक नियम करायला लावला. आपला माल आपण विकायचा नाही. अलीकडच्याचा माल पलीकडच्यानं विकायचा, पलीकडच्याचा अलीकडच्यानं. एका टेबलाला दोघं. तिच्या वाट्याला टोपल्या आल्या आणि टोपलीवाल्याच्या वाट्याला साबण.

त्या वर्षीची एक गोष्ट ती पुष्कळदा सांगायची. आमच्या बाजूच्या बूट करणाऱ्याला धास्ती पडली, की पलीकडचा माणूस आपले बूट मुद्दाम विकणार नाही आणि मग चारचौघांत शोभा होईल. त्यानं आपल्या मेहुण्यांना पाठवलं. मेहुण्यांनी मापाबिपाच्या भानगडीत न पडता सगळे बूट विकत घेतले. ते बघून पलीकडच्या दिवे करणाऱ्या बाईनं सासूला पाठवलं, जावेला पाठवलं. बघता बघता सगळ्या टेबलांवर तेच सुरू झालं. मॅडमनी माइकवरून जाहीर केलं की विक्री दणकून झाली. आणि संध्याकाळी सगळा माल ज्याच्या त्याच्या घरी परत गेला.

मी बाजाराला कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी कॉलेजकडे जादा गाड्या सोडतात, आणि जादा गाडी म्हटली की डेपोला माझी आठवण होते. गेटवर तिला उतरवायचो, संध्याकाळी उचलायचो.

टोपलीवाला फ्रीजकडे बघत म्हणाला, "या वर्षी तुम्ही बसाल का? जोडीदार नसेल तर टेबल मिळत नाही. आणि मला वर्षभराचं काम तिथूनच मिळतं."

"दुसरा कोणी बघा."

"सगळ्यांच्या जोड्या लागल्यात. लग्नसराईत उरलेल्या नवऱ्यासारखी गत झालीय माझी." मग जरा थांबून म्हणाला, "साबण घरात ठेवायचा असेल तर आत्ता आणून देतो, सगळा. तुमचाच आहे. मी या वर्षी नाही जात."

त्यानं आता घरातून जावं, एवढंच मला हवं होतं. फ्रीजचं दार उघडं होतं आणि आतला दिवा चालू होता.

"विका," मी म्हणालो.

"सगळा?"

"सगळा. मी येतो बसायला."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते. तिला सगळं सांगितलं.

"बाबा, सगळा कसा दिलात? एक वडी तरी ठेवायची ना माझ्यासाठी."

"बाजारात घेतो की एक. रोख पैसे देऊन."

"नक्की?"

"नक्की."

"मी वापरणार नाही हं. नुसती ठेवणार आहे."

मी रजा टाकली. डेपोतला साहेब म्हणाला, "नेमकी त्याच दिवशी?" मी म्हणालो, "नेमकी त्याच दिवशी."

कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. दारावर कापडी फलक. एक विद्यार्थिनी माइक घेऊन सकाळपासून बोलत होती. ती दम केव्हा घेते ते कळत नव्हतं. कॉफी पिकवणाऱ्याच्या हातात कपामागे किती पडतात, खेळण्यातला चेंडू कोण शिवतं, असे प्रश्न ती येणाऱ्यांना विचारायची आणि उत्तर चुकलं तरी टाळ्या वाजवायची. आमच्या टेबलावर दोन पाट्या होत्या. टोपल्यांच्या पाटीवर टोपलीवाल्याचं नाव, साबणाच्या पाटीवर बायकोचं. टोपलीवाल्यानं वड्या मांडल्या. पिवळट रंगाच्या, जाड, कडा सरळ कापलेल्या. मी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या बाजूला, टोपल्यांच्या मागे जाऊन बसलो.

पहिलं गिऱ्हाईक एक प्राध्यापक होते. त्यांनी टोपली उचलली, फिरवून पाहिली.

"टिकेल ना?"

"कडी आधी जाईल," मी म्हणालो.

प्राध्यापकांनी टोपली खाली ठेवली, आभार मानले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

टोपलीवाला माझ्याकडे झुकला. "ड्रायव्हरसाहेब, तुम्ही टोपल्या विकताय की मला?"

"मग खोटं बोलू?"

"खोटं नको. पण बुडापासून सुरू करा. बूड, मग विणकाम, मग काठ. कडीपर्यंत पोचेस्तोवर माणूस टोपली घेऊन गेलेला असतो."

"बसमध्ये मी आधी शेवटचा स्टॉप सांगतो."

"म्हणून बसमध्ये कोणी खुशीनं चढत नाही."

मी बुडापासून सुरू केलं. दोन-तीन टोपल्या गेल्या. मधल्या वेळेत मला काही काम नव्हतं, म्हणून तो काय बोलतो ते ऐकत होतो.

कॉलेजच्या वॉचमननं विचारलं, हा साबण आणि दुकानातला साबण यात फरक काय. टोपलीवाला म्हणाला, "दुकानातला यंत्र कापतं. हा ताई तारेनं कापायच्या. नवऱ्यानं डेपोतून आणून दिलेली केबलची तार, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधलेले. बघा कड. सुरीनं अशी येते का?"

ती तार मी आणून दिली होती, हे खरं आहे. एक तार आण म्हणाली, मी आणली. कशाला हवी ते विचारलं नव्हतं. वाटलं, कपडे वाळत घालायला असेल.

वॉचमननं एक वडी घेतली.

कॅन्टीनच्या आचाऱ्याला त्यानं सांगितलं, की साबण मुरला की नाही ते ताई जिभेचं टोक लावून बघायच्या. झोंबला तर परत माळ्यावर. "मलाही लावायला लावायच्या. म्हणायच्या, माझी जीभ चहानं मेलीय, तुझी बघू." आचारी हसला. त्यानं दोन घेतल्या. चष्मा लावलेल्या एका कारकुनानं प्रत्येक वडीचा वास घेतला आणि फेस फार येत नाही अशी तक्रार केली. मागच्या वर्षीची वडी त्याच्याकडे होती. टोपलीवाला म्हणाला, "ताईंचं म्हणणं असायचं, फेस म्हणजे साबण नव्हे. फेस बघायचा असेल तर नदीवर जा." कारकुनानं कुरकुरत एक घेतली.

हे वाक्य मी घरी कधी ऐकलं नव्हतं. पण बोलणं तिचंच होतं, त्यात शंका नाही.

दुपारी माझ्या बाजूची विक्री थंडावली. टोपलीवाला म्हणाला, "ताई मोठी टोपली पालथी घालून तिच्यावर बसायच्या. खुर्ची बाजूला सारून. माल आपोआप जायचा."

"मी जड आहे."

"टोपली माझी आहे. बसा."

मी बसलो. टोपली कुरकुरली आणि थांबली. जवळून जाणारी पोरं वळून बघायला लागली. एकानं विचारलं, "काका, मोडली तर?" मी म्हणालो, "मोडली तर तुझ्यावर पडेन, जरा लांब उभा राहा." मघाचे प्राध्यापक परत आले आणि कडीसकट एक टोपली घेऊन गेले. संध्याकाळच्या सुमारास वसतिगृहाच्या बाई आल्या आणि खोल्याखोल्यांतून कपड्यांसाठी टोपल्या हव्यात म्हणाल्या. टोपलीवाल्याचं वर्षभराचं काम झालं.

वडी विकत घेण्याचं माझ्या डोक्यात सकाळपासून होतं. पण प्रत्येक गिऱ्हाइकापाशी तो काहीतरी नवीन सांगायचा. वाटायचं, हे ऐकू, मग घेऊ. असं करता करता टेबलावर एकच वडी उरली. मी उठलो आणि पाकीट काढलं.

"ही मला द्या."

टोपलीवाल्यानं वडीला हात लावला नाही.

"द्या की. मुलीला कबूल केलंय."

"नाही देता येत, ड्रायव्हरसाहेब."

"म्हणजे?"

"करणाऱ्याच्या घरच्यांनी त्याचा माल घ्यायचा नाही. नियम आहे. बुटांची गोष्ट तुम्हाला ताईंनी सांगितली असेलच."

बुटांची गोष्ट मला माहीत होती. तिच्यातून नियम निघाला हे माहीत नव्हतं.

"नियम कोणाचा?"

"ताईंचाच."

"तिनं केलेला नियम, तिचाच साबण, आणि मला नाही?"

"त्या दिवशी तुमच्या घरी सगळा देत होतो. तुम्ही म्हणालात, विका. आता टेबलावर मांडलाय. टेबलावर मांडला की तो माल."

"एका वडीनं काय आभाळ कोसळतंय?"

"एका मेहुण्यापासूनच सुरू झालं होतं."

माझं डोकं फिरलं. सबंध दिवस मी शांत होतो, त्याआधीचे दीड-दोन महिनेही शांत होतो. मी म्हणालो, "तुम्ही पलीकडचे लोक..."

पुढचं मी बोललो नाही. पण तेवढं ऐकू जायला पुरेसं होतं. शेजारच्या टेबलावरची दिव्यांची बाई हातातला दिवा पुसायची थांबली. तिच्या टेबलाला जोडीनं बसलेला आमच्या बाजूचा बूट करणारा माझ्याकडे बघायला लागला. हॉलमध्ये फक्त माइकवालीचा आवाज होता.

टोपलीवाला रागावला नाही. निदान दिसलं नाही. "म्हणा पुढे," तो म्हणाला. "ताईंना जे म्हणायचं होतं ते त्या आमच्या जोडीच्या पहिल्याच वर्षी म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. मीही म्हणालो होतो. त्यानंतर साबण विकले."

मी पाकीट हातात धरून उभा राहिलो.

तेवढ्यात माइकवाली आली. माइक दुसऱ्या कोणाला देऊन आली होती. तिनं पाटीवरचं नाव वाचलं, चिठ्ठी वाचली, वडी उचलली. "ही शेवटची? मिळेल मला?" मग आमच्याकडे बघून म्हणाली, "का तुमचं काही ठरलंय?"

टोपलीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ठरलंय म्हणालो असतो तर तिनं वडी खाली ठेवली असती, आणि तोही मग आडवा आला नसता, असं मला वाटतं. पाटीवर बायकोचं नाव होतं. मॅडमनी ते मोठ्या अक्षरांत काढलं होतं.

"काही ठरलेलं नाही," मी म्हणालो. "घ्या. फेस कमी येतो, पण साबण चांगला आहे."

तिनं पैसे दिले. "पुढच्या वर्षी असेल ना?"

"साबण नसेल," टोपलीवाला म्हणाला.

ती वडी पिशवीत टाकून गेली. मी पाकीट खिशात घातलं.

"आपल्या मालाची आपण तारीफ करायची नसते," टोपलीवाला पाटी उतरवत म्हणाला. "पण फेस कमी म्हणालात, तेव्हा चालून जाईल."

बूट करणारा हसला. दिव्यांची बाई पुन्हा दिवा पुसायला लागली.

"मघाशी बोललो ते..." मी सुरुवात केली.

"टेबलाचं ते टोक धरा," तो म्हणाला.

आम्ही टेबल दुमडलं आणि भिंतीला लावलं. मग शेजारचं. सगळी टेबलं लावून होईपर्यंत हात काळे झाले होते. हॉलच्या मागे नळ आहे. तिथे गेलो. टोपलीवाल्यानं खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. साबणाची वडी होती.

"ही कुठली?"

"सकाळी मांडायच्या आधी घेतली. पैसे डब्यात टाकले. विकणाऱ्याला बंदी नाही."

मी वडीकडे बघत राहिलो.

"देऊ?" त्यानं विचारलं.

"दिलेली नियमात बसते का?"

त्यानं विचार केला. "नसावी बसत. ताई असत्या तर वाद घातला असता."

"मग नको."

"हात तरी धुवा. हात धुण्याबद्दल काही ठरलेलं नाही."

त्यानं वडी माझ्या हातावर ठेवली. मी ती पाण्याखाली धरली. नवी होती, कडा बोचत होत्या. दोनदा-तीनदा फिरवल्यावर कडा नरम झाल्या. मनगटापर्यंत साबण लावला. टेबलांचा काळा रंग सुटून खाली गेला तरी मी हात चोळत होतो. तो बाजूला उभा होता. आपली पाळी कधी येणार असं त्यानं विचारलं नाही.

माझ्या शर्टाच्या खिशातला फोन वाजायला लागला. हात ओले होते. टोपलीवाल्यानं फोन काढला, नाव वाचलं आणि उचलला.

"हॅलो. मी टोपलीवाला. दाजी हात धुताहेत."

मुलगी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो माझ्या हातांकडे बघत होता.

"नाही, ठेवली नाही," तो म्हणाला. "वापरताहेत."

मग त्यानं फोन माझ्या कानाला लावला. नळ चालू होता.

"फेस कमी येतो," मी म्हणालो.

"कमीच यायचा, बाबा," मुलगी म्हणाली.